‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ : चित्रपटविषयक अभिप्रायाचा एक विचार

१

नुकताच पाहिलेला चित्रपट कसा वाटला, हा प्रश्न आपल्या दैनंदिन संभाषणात इतक्या सहजपणे विचारला जातो की त्यात अभ्यासाचा विषय दडलेला असेल अशी शंकाही येत नाही. प्रश्नाचे उत्तरही तितकेच सहज दिले जाते. कोणी ‘बरा आहे’ म्हणतो, कोणी ‘जमला आहे’ म्हणतो, कोणी ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. याच उत्तराचे आजचे दुसरे रूप म्हणजे वृत्तपत्राच्या पुरवणीत किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारे पाचांपैकी साडेतीन तारे. दोन्ही उत्तरे अभिप्रायाचीच आहेत. परंतु त्यांचे स्वरूप एक आहे काय? शब्दातून संख्येकडे जाताना अभिप्रायातून काही गळून पडते काय, आणि पडत असल्यास नेमके काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विचाराला मराठीतील एक शब्द मोठा उपकारक ठरतो. तो शब्द म्हणजे ‘गुण’. परीक्षेत मिळतात ते गुण, आणि कलाकृतीत असतात तेही गुणच. एका अर्थी गुण ही संख्या आहे, दुसऱ्या अर्थी ती वस्तूची विशेषता आहे. परीक्षक उत्तरपत्रिकेला गुण देतो तेव्हा ते उत्तरातच वसत असलेल्या गुणांचे मोजमाप आहे, असे आपण गृहीत धरतो. गृहीतकृत्य असे की पहिला अर्थ दुसऱ्यावर उभा आहे. हा आधार सुटला, तर संख्या उरते आणि गुण हरवतो. चित्रपटांच्या तारांकनाबाबत आज नेमके हेच घडत आहे, असे आम्हास वाटते. तथापि, संख्येवर सरसकट दोषारोप करून हा प्रश्न सुटत नाही, हेही पुढील विवेचनात दिसून येईल.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. चित्रपटनिर्मितीची मराठी परिभाषा पुष्कळ अंशी हेतुपुरस्सर घडविलेली आहे. बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर यांसारख्या संज्ञा भाषाशुद्धीच्या चळवळीतून, विशेषतः वि. दा. सावरकर यांच्या प्रयत्नातून रूढ झाल्या. अभिप्रायाची परिभाषा मात्र कोणी घडविली नाही. ती प्रेक्षकांनी आपापल्या व्यवहारातून उचलली. ‘रंगला’ हा शब्द नाटकाच्या आणि गाण्याच्या बैठकीतून आला. ‘भट्टी जमली’ हा कारागिराचा शब्द आहे, ‘पैसे वसूल’ हा देण्याघेण्याचा. ‘चालला’, ‘पडला’, ‘आपटला’ या क्रियापदांत चित्रपट जणू चालता-बोलता प्राणी होतो. ‘रटाळ’ या शब्दाने वेळ जाता जात नसल्याची तक्रार केली जाते, तर ‘पकड घेतो’ या प्रयोगात प्रेक्षकाच्या अंगावर झालेला परिणाम सांगितला जातो.

या शब्दांची क्रमवारी लावता येत नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ‘रंगला’ हे ‘जमला’पेक्षा अधिक की उणे, हे सांगता येणार नाही, कारण ते दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलतात. ‘जमला’ हा रचनेविषयीचा अभिप्राय आहे, ‘रंगला’ हा प्रयोग आणि प्रेक्षक यांच्यातील नात्याविषयीचा. ‘चालला पण जमला नाही’ असे वाक्य मराठीत सहज बोलता येते आणि त्यात कोणताही विरोध जाणवत नाही. लोकप्रियता आणि गुणवत्ता यांतील भेद सिद्ध करण्यासाठी समीक्षकांनी जेवढे लेखन केले आहे, तेवढे बोलीने त्या एका ‘पण’मध्ये सामावले आहे.

व्याकरणाची साक्षही येथे पाहण्याजोगी आहे. मराठी प्रेक्षक ‘मला चित्रपट आवडला’ असे म्हणतो. या रचनेत क्रियापद चित्रपटाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. अनुभव घेणारा चतुर्थीत उभा असतो. आवडणे ही प्रेक्षकाने केलेली क्रिया नसून त्याला घडलेली गोष्ट आहे. ही रचना केवळ मराठीची नाही. हिंदीतील ‘मुझे पसंद आई’, कन्नडमधील ‘ननगे इष्टवायितु’, तमिळमधील ‘एनक्कुप् पिडित्तदु’ या सर्व प्रयोगांत अनुभवकर्ता चतुर्थीतच येतो. बंगालीत ‘आमार भालो लेगेछे’ असे म्हणताना तो षष्ठीत जातो, परंतु कर्ता होत नाही. कुळे भिन्न असलेल्या भाषांनी सहवासातून सामायिक केलेले हे लक्षण आहे. याउलट ‘मी या चित्रपटाला तीन तारे देतो’ या वाक्यात प्रेक्षक एकदम कर्ता होतो, दाता होतो, न्यायासनावर बसतो. पहिल्या वाक्यात चित्रपट माझ्यापर्यंत येऊन पोचतो. दुसऱ्यात मी त्याच्यापासून दूर सरून त्याला काही बहाल करतो. व्याकरणावरून तत्त्वज्ञान उभे करू नये हे खरे. पण दोन्ही वाक्यांतील भूमिका भिन्न आहेत, हे नाकारता येत नाही.

३

कलाकृतीचे मोजमाप ही पाश्चात्त्य संसर्गातून आलेली प्रवृत्ती आहे आणि आपली परंपरा केवळ रसास्वादाची आहे, असे विधान अनेकदा केले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सिद्धीविषयक अध्याय आहे. प्रचलित आवृत्त्यांत तो सामान्यतः सत्ताविसावा येतो. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, याचा तेथे तपशीलवार विचार आहे. सिद्धी दोन प्रकारची, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वाणीतून आणि शरीरातून प्रकट होते. स्मित, अर्धे हास्य, मोठे हास्य, ‘साधु’, ‘अहो’ आणि ‘कष्टम्’ हे उद्गार, आणि सर्वांचा मिळून उठणारा गजर, ही वाणीची चिन्हे. अंगावरील रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे ही शरीराची. दैवी सिद्धी मात्र वेगळी: प्रेक्षागृह भरलेले असावे, आणि त्यात शब्द नसावा, क्षोभ नसावा. सर्वांत मोठी दाद म्हणजे निःशब्दता, असे भरताने सुचविले आहे.

मराठी रंगभूमीच्या इतिहासाशी हे वर्णन ताडून पाहावे. संगीत नाटकातील ‘वन्समोअर’ हा प्रेक्षकांच्या वाणीतून उमटणाऱ्या सिद्धीचाच अवतार आहे आणि तमाशातील दौलतजादा हे वस्त्रे-अंगठ्या फेकण्याचेच लोकरूप म्हणावे लागेल. चित्रपटगृहात हीच दाद शिट्टी आणि टाळीचे रूप घेते. फरक एवढाच की नट समोर नसल्यामुळे ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला गेला, तेव्हापासून दाद आणि दाद घेणारा यांची अशी फारकत झाली. मग दाद मोजण्याचे दुसरे मार्ग आले. चित्रपट किती आठवडे चालला हा त्यांतील पहिला. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव हे शब्द त्यातूनच रुळले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, हा त्या काळचा सर्वांत मोठा अभिप्राय होता. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची घेतली गेलेली दखल ही त्यानंतरची गोष्ट.

पण भरताचा विचार दादेपाशी थांबत नाही. नटांमध्ये स्पर्धा वा वाद उत्पन्न झाल्यास निर्णयासाठी त्याने प्राश्निकांची योजना केली आहे. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक असे हे दहा जण. त्यांच्यासोबत गणक आणि लेखक बसतात. सिद्धी किती आणि घात, म्हणजे दोष वा विघ्ने, किती यांची नोंद होते, आणि ज्याच्या पदरी सिद्धी अधिक व घात उणे त्याला पताका मिळते. तेव्हा मोजणी आपल्याकडे होती, लेखनिकासह होती. परंतु तिचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक प्राश्निक केवळ आपल्या अधिकाराच्या विषयाबद्दल बोलतो. धनुर्धर अंगाच्या सौष्ठवाबद्दल, चित्रकार नेपथ्याबद्दल, वैयाकरण शब्दाबद्दल. वेश्येचे मत यज्ञवेत्त्याच्या मताशी मिळवून त्याची सरासरी काढावी असे भरताला सुचलेले नाही. कारण ती दोन मते दोन वस्तूंविषयी आहेत. येथे संख्येमागे माणूस उभा आहे, आणि तो कोठून बोलतो हे सर्वांना ठाऊक आहे.

४

आधुनिक तारांकनाचा प्रारंभ सामान्यतः १९२८ साली मानला जातो. त्या वर्षी ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ या दैनिकात आयरीन थायरर यांनी चित्रपटांना तारे देण्याची पद्धत सुरू केली. तारे शून्य ते तीन असत. प्रवासी मार्गदर्शक पुस्तकांत प्रेक्षणीय स्थळांपुढे तारा छापण्याची प्रथा युरोपात त्यापूर्वीपासून होती. तारेचे मूळ कार्य असे वाटाड्याचे आहे: येथे जावे की न जावे, एवढेच ते सांगते. वाचकाचा वेळ आणि पैसा वाचविणे हे त्याचे प्रामाणिक उद्दिष्ट होय, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पुढे १९५० च्या दशकात ‘काहिए द्यु सिनेमा’ या फ्रेंच नियतकालिकाने ‘दहांचे मंडळ’ या नावाचा तक्ता छापण्यास आरंभ केला. दहा समीक्षक, त्यांची नावे, आणि प्रत्येक चित्रपटापुढे प्रत्येकाचे चिन्ह. काळा ठिपका म्हणजे जाण्याची तसदी घेऊ नये. एक तारा म्हणजे अगदीच वाटल्यास पाहावा. दोन म्हणजे पाहावा. तीन म्हणजे अवश्य पाहावा. चार म्हणजे श्रेष्ठ कृती. भरताचे प्राश्निकही दहा आणि हे समीक्षकही दहा, हा योगायोग आहे. त्यावर भार देण्याचे कारण नाही. साम्य आहे ते दुसऱ्या ठिकाणी. या तक्त्यात प्रत्येक चिन्हाला एक वाक्य जोडलेले होते, आणि प्रत्येक मताला एक नाव. एकाच चित्रपटापुढे एकाचे चार तारे आणि दुसऱ्याचा काळा ठिपका वाचकाला एका ओळीत दिसत असे. मतभेद झाकलेला नव्हता. किंबहुना तो पाहण्यासाठीच वाचक तो तक्ता उघडत असावा.

आज आपल्यापुढे जी संख्या येते ती अशी नाही. ती असंख्य अनामिकांच्या मतांची सरासरी असते. एक साधे उदाहरण घेऊ. एका चित्रपटाला शंभर प्रेक्षकांनी प्रत्येकी तीन गुण दिले. दुसऱ्याला पन्नास जणांनी पाच दिले आणि पन्नास जणांनी एक. दोहोंची सरासरी तीनच. पहिल्या चित्रपटाला मराठी प्रेक्षक ‘बरा आहे’ म्हणेल आणि विसरेल. दुसऱ्यावरून घरोघरी वाद झालेला असेल. या दोन चित्रपटांत कोणतेही साम्य नाही, तरीही संख्येने त्यांना एका पायरीवर बसविले आहे. बोलीला जो भेद सहज दाखविता येतो, तो सरासरीला दिसतच नाही.

५

हा भेद केवळ गणिताचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. त्याचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी दोन मराठी चित्रपटांचा विचार करू.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हा डुकरे पकडण्याचे काम जिच्यावर लादले गेले आहे अशा एका दलित कुटुंबातील जब्या या मुलाची कथा सांगतो. चित्रपटाच्या अखेरच्या भागात हे कुटुंब डुकराच्या मागे धावते आणि गावातले लोक ते पाहतात, हसतात, चिडवतात. गाव येथे प्रेक्षक झाले आहे आणि कुटुंबाची अवहेलना हा त्याचा खेळ. शेवटी जब्या दगड फेकतो. तो दगड सरळ कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेने येतो. भरताने सांगितलेल्या घातांत शत्रूंनी रंगभूमीकडे ढेकळे आणि शेण फेकण्याचा उल्लेख आहे. येथे दिशा उलटली आहे: फेकणारा रंगभूमीवर आहे आणि नेम प्रेक्षकावर. ज्याच्यावर दगड आला आहे त्याने फेकणाऱ्याला पाचांपैकी किती गुण द्यावेत? हा प्रश्न विनोदाने विचारलेला नाही. हसणाऱ्यांच्या रांगेत आपण कधी उभे होतो काय, हे तपासल्याखेरीज या चित्रपटाविषयी अभिप्राय देता येत नाही. आणि त्या तपासणीचे उत्तर प्रत्येकाचे निराळे असणार. जो कधी त्या रांगेत होता त्याचे ‘मला आवडला’ आणि जो त्या डुकरामागे धावला आहे त्याचे ‘मला आवडला’ ही शब्दशः एकच वाक्ये आहेत, परंतु तो एकच अभिप्राय नव्हे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात तर अभिप्राय हाच खटल्याचा विषय आहे. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा की त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. कलेचा श्रोत्यावर काय परिणाम झाला, हे न्यायालय ठरवू पाहते. आणि संरक्षणाची कोणतीही साधने नसताना विषारी वायूत उतरणाऱ्या माणसाचे मरण त्या चर्चेत बाजूला पडत जाते. याच चित्रपटात सरकारी वकील असलेली स्त्री आपल्या कुटुंबासह एक मराठी नाटक पाहण्यास जाते. नाटकात परप्रांतीयांची टवाळी आहे आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. भरताच्या कसोटीने पाहिले तर ही मानुषी सिद्धी होय: हास्य आहे, गजर आहे. चित्रपट आपणास त्या टाळीकडेच पाहावयास लावतो. एका गाण्याच्या परिणामासाठी शाहिराला जाब विचारला जातो आणि दुसऱ्या प्रयोगाच्या परिणामाबद्दल कोणीही काही विचारत नाही. टाळी मोजता येते. ती कशाला पडली हे मोजणीत येत नाही.

६

येथे परंपरेचीही उलटतपासणी करणे भाग आहे. प्राश्निकांच्या पद्धतीत अधिकाराची जाण आहे, पण त्याच अधिकाराच्या दुसऱ्या अंगाला बहिष्कार आहे. भरताने प्रेक्षकांत उत्तम, मध्यम आणि अधम असे भेद केले आहेत आणि उत्तमांचे आचरण अधमांना आकळत नाही असे मानले आहे. एकाच प्रेक्षकात सर्व गुण सापडत नाहीत, तरुण शृंगाराने संतोषतात, शूर बीभत्स व रौद्राने, वृद्ध धर्माख्यानाने, हेही तोच सांगतो. ही उदारता मोठी आहे. तरीही कोणाचे मत गणले जावे, याची दारे त्या व्यवस्थेत सर्वांना खुली नव्हती. अभिनवगुप्ताची सहृदयाची कल्पना अत्यंत सूक्ष्म आहे. पण काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय, असे म्हटले की अभ्यासाची संधीच ज्याला नाकारली गेली त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद देणारी कला या कल्पनेवर घेतलेला आक्षेप याच प्रश्नाशी निगडित आहे. वेदनेच्या कृतीला आनंदाच्या मापाने मोजणे त्यांना मान्य नाही.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले आहे. एका ध्रुवाशी कला जीवनव्यवहाराच्या मूल्यांशी बांधलेली आहे, दुसऱ्याशी ती स्वायत्त आहे. ‘फँड्री’सारख्या कृतीसंबंधीचा अभिप्राय या दोन्ही ध्रुवांमध्ये हेलकावतो. छायाचित्रणाची प्रशंसा करून थांबणे अपुरे वाटते, आणि विषय महत्त्वाचा आहे म्हणून कृती श्रेष्ठ मानणेही अपुरे वाटते. हा हेलकावाच त्या अभिप्रायाचा जिवंत भाग होय.

या दृष्टीने पाहता, सर्वांच्या मताला समान वजन देणाऱ्या संख्येने एक मोठे कार्य केले, हे मान्य करावयास हवे. पिटातला प्रेक्षक आणि पहिल्या रांगेतील प्रतिष्ठित यांच्या मतास तिने एकाच किमतीचे केले. ज्याला परीक्षण लिहिण्यास कोणी बोलाविले नसते, त्याच्याही आवडीची नोंद झाली. परंतु सरासरी काढताच ही नोंद पुन्हा पुसली जाते. दार उघडून आत घेतलेला माणूस गर्दीत हरवतो. प्राश्निकांच्या व्यवस्थेने त्याला बोलू दिले नाही. सरासरीने त्याला बोलू दिले, पण ऐकू येऊ दिले नाही. दोन्हींचा परिणाम त्याच्यापुरता फारसा निराळा नाही.

७

तेव्हा मार्ग कोणता? संख्या टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्यामागचे वाक्य आणि तिच्यामागचा माणूस परत आणावा, एवढेच म्हणणे आहे. भारतीय साहित्याच्या वर्गात यासाठी एक साधा पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांनी एकच चित्रपट पाहावा, प्रत्येकाने पाचांपैकी गुण लिहावेत, परंतु सरासरी काढू नये. त्याऐवजी सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण देणाऱ्या दोघांनी चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत: हे गुण कृतीच्या कोणत्या अंगाला आहेत, ते देताना मी कोणाच्या जागी उभा होतो, कोणत्या क्षणी माझे मत ठरले, आणि समोरच्याचे कोणते म्हणणे मला पटले नसले तरी समजले. उत्तरे आपापल्या मातृभाषेत द्यावीत आणि मग ती एकमेकांस समजावून सांगावीत. ‘जमला’, ‘रंगला’ यांचे प्रतिशब्द तेलुगू वा असमियात शोधताना जी अडचण येईल, तीच त्या पाठातील खरी शिकवण ठरेल. कारण प्रत्येक भाषेने अभिप्रायाच्या छटा आपल्या लोकांच्या व्यवहारातून वेगळ्या पाडल्या आहेत आणि पाचांच्या मापात त्या मावणाऱ्या नाहीत.

‘गुण’ या शब्दात मराठीने संख्या आणि विशेषता यांना एकत्र नांदू दिले आहे. गुण देणाऱ्याने गुण दाखवावेत, अशी अपेक्षा त्या शब्दातच आहे. ज्याला दाखविता येत नाहीत त्याने दिलेले गुण म्हणजे केवळ आकडे. नुकताच पाहिलेला चित्रपट कसा वाटला, असे कोणी विचारले तर ‘तीन’ असे उत्तर देऊन संभाषण संपते. ‘चालेल, पण जमला नाही’ असे म्हटले की समोरचा ‘का बरे?’ असे विचारतो. समीक्षेचा जन्म त्या ‘का’मध्ये आहे.